रक्तगट नेमका कसा ठरवतात? जुनं कार्ड असताना पुन्हा नमुना का घेतात?

अबोली

वडिलांची शस्त्रक्रिया ठरली आहे. वेळ पडलीच तर रक्त हाताशी असावं म्हणून रक्तगट तपासायला नमुना मागितला. वडील तरुणपणी रक्तदान करायचे, त्यामुळे त्यांचं जुनं कार्ड घरात होतं. त्यावर स्वच्छ अक्षरात 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलंय. ते मी पुढे केलं. तंत्रज्ञ बाईंनी वाचलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे जपून ठेवा, पण आम्हाला नमुना लागेलच." बरं, एकदा घेऊन भागलं नाही. काही तासांनी दुसऱ्या कुणीतरी येऊन पुन्हा एक नळी भरून नेली.

त्यांच्यावर माझा राग नाही, पण समजून घ्यायचं आहे. रक्तगट जन्मभर तोच राहतो ना? मग कार्डावर विश्वास का नाही? आणि प्रयोगशाळेत नेमकं काय करतात? शाळेत काचपट्टीवर तीन थेंब टाकून दाखवलं होतं, तेवढंच असतं की आणखी काही? इथे या क्षेत्रातली मंडळी आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारते.

मुसाफिर

शिबिरांमध्ये तरी तेवढंच बघितलंय. बोटाला टोचतात, पांढऱ्या टाइलवर तीन थेंब घेतात. एकात निळं औषध, एकात पिवळं, एकात पाण्यासारखं. काडीने ढवळतात, टाइल हलवतात, ज्या थेंबात दाणे दिसतील त्यावरून गट. दोन मिनिटांत काम. दोन नमुने कशाला लागतात ते मलाही कळलं नाही. वाचतोय.

रक्तपेढीवाला

अबोलीताई, प्रश्न फार चांगला विचारलात. माझी सगळी नोकरी रक्तपेढीत गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी काय शोधायचं असतं ते बघू. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर लागली की त्याला 'एच' म्हणतात, आणि हा एच जवळजवळ सगळ्यांमध्ये असतो. त्यावर एन-अ‍ॅसिटिल-गॅलॅक्टोसामिन चढलं की झाला ए. गॅलॅक्टोज चढलं की बी. काही पेशींवर दोन्ही, म्हणजे एबी. काहीच चढलं नाही, नुसता एच राहिला, तर ओ. माणसाच्या जिवाशी खेळ होऊ शकतो असा फरक, पण तो एवढ्याशा साखरेचा आहे.

आता दुसरी बाजू. जी साखर आपल्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आपल्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, असतात. ए गटाच्या माणसात अँटी-बी, बी गटात अँटी-ए, ओ गटात दोन्ही, एबीमध्ये एकही नाही. यासाठी कधी परकं रक्त घेतलेलं असावं लागत नाही. आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावर अशाच साखरा असतात. त्यांच्यामुळे लहानपणीच ही प्रतिपिंडं तयार होतात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली हे जगासमोर मांडलं. आपल्या सहकाऱ्यांची रक्तं एकमेकांत मिसळून कुठल्या जोडीत पेशी चिकटतात आणि कुठल्या नाही याची नोंद त्यांनी केली होती. एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी डिकास्टेलो आणि स्टुर्ली यांना सापडला.

म्हणजे एकाच माणसाच्या रक्तात त्याच्या गटाचे दोन साक्षीदार असतात, पेशी आणि प्लाझ्मा. मुसाफिर यांनी वर सांगितलेल्या पद्धतीत फक्त पहिल्याला विचारलेलं असतं. रक्तपेढीत दोघांनाही विचारतात, तेही वेगवेगळं, आणि दोघांचं म्हणणं जुळल्याशिवाय गट लिहीत नाहीत.

प्रत्यक्षात असं होतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त येतं. ते गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए असतं. नळी फिरवली की पेशी खाली बसतात आणि प्लाझ्मा वर येतो. थोड्या पेशी घेऊन सलाइनने धुवायच्या आणि त्यांचं तीन ते पाच टक्क्यांचं सस्पेन्शन, म्हणजे सलाइनमधलं पातळ मिश्रण, करायचं. काचेच्या छोट्या नळ्यांत अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी यांचा एकेक थेंब, त्यावर पेशींचा एकेक थेंब. (डी हा पेशींवरचा वेगळा घटक. तो असेल तर गट पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह.) हे झालं फॉरवर्ड, म्हणजे पेशींची तपासणी. बाटली चुकू नये म्हणून अँटी-ए निळं आणि अँटी-बी पिवळं केलेलं असतं, अँटी-डीला रंग नसतो.

रिव्हर्ससाठी, म्हणजे प्लाझ्माच्या तपासणीसाठी, आणखी तीन नळ्या. त्यात रुग्णाच्या प्लाझ्माचे दोन-दोन थेंब, आणि त्यावर आमच्याकडच्या ओळखीच्या पेशी: एकीत ए, एकीत बी, एकीत ओ. मग सगळ्या नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये, मिनिटाला साधारण हजार फेऱ्यांच्या वेगाने एक मिनिट.

नळी बाहेर आली की तळाशी लाल टिकली बसलेली असते. आम्ही तिला बटन म्हणतो. नळी उजेडासमोर तिरकी धरायची आणि अगदी हलकेच हलवायची. प्रतिक्रिया नसेल तर बटन कडेकडेने विरतं आणि सगळं पाणी एकसारखं लालसर होतं. जोरदार प्रतिक्रिया असेल तर अख्खं बटन एका तुकड्यात सुटून येतं, भोवतीचं सलाइन स्वच्छ राहतं. ते ४+. मध्ये ३+, २+, १+. नवीन मुलगा कामावर आला की पहिले काही आठवडे मी त्याच्या मनगटाकडेच बघतो. जोरात हलवलं की कमकुवत पुंजके सुटून जातात आणि पॉझिटिव्ह नळी निगेटिव्ह वाचली जाते. आणखी एक गोष्ट. रिव्हर्सच्या नळीत पुंजके दिसले नाहीत, पण वरचं पाणी लाल झालं असेल तर पेशी फुटल्या आहेत. तेही पॉझिटिव्हच धरायचं.

तुमच्या वडिलांचा ओ पॉझिटिव्ह असा दिसेल: फॉरवर्डमध्ये अँटी-ए आणि अँटी-बी दोन्ही निगेटिव्ह, अँटी-डी पॉझिटिव्ह. रिव्हर्समध्ये ए पेशी आणि बी पेशी दोन्ही ४+, ओ पेशी निगेटिव्ह.

दोन नमुन्यांचं कारण वेगळं आहे, त्यावर नंतर येतो. ड्यूटीवर जायची वेळ झाली.

जिज्ञासा

किती नीट समजावलंत! दोन शंका.
१. पुंजके होणं म्हणजेच रक्त गोठणं का?
२. पॉझिटिव्ह-निगेटिव्हसाठी रिव्हर्स तपासणी करता येत नाही का? तुमच्या तीन नळ्यांत डी कुठे दिसली नाही.

रक्तपेढीवाला

१. नाही. गोठताना फायब्रिन नावाच्या प्रथिनाचं जाळं तयार होतं, तिथे प्रतिपिंडांचा संबंध नसतो. इथे एकेक प्रतिपिंड दोन-तीन पेशींना धरून ठेवतं. उलट नमुन्यात बारीक गाठ असेल तर ती पुंजक्यासारखी दिसून फसवते, म्हणून गोठलेला नमुना आम्ही परत करतो.

२. बरोबर पकडलंत. डीच्या बाबतीत निसर्गाने दुसरा साक्षीदार दिलेला नाही. निगेटिव्ह माणसाच्या रक्तात अँटी-डी आपोआप नसतं. पॉझिटिव्ह रक्त मिळालं, किंवा पोटातल्या पॉझिटिव्ह बाळाच्या पेशी आईच्या रक्तात गेल्या, तरच ते तयार होऊ शकतं. म्हणून डीसाठी काही ठिकाणी दोन वेगळ्या प्रकारची अँटी-डी वापरतात, आणि सोबत एक कंट्रोल नळी ठेवतात. कंट्रोलमध्ये प्रतिपिंड नसतं. तिथेही पुंजके आले, तर बाकीच्या नळ्यांवरही भरवसा ठेवायचा नाही.

अँटी-डी एकेकाळी डोकेदुखी होती. लाल पेशींवर ऋण भार असतो, त्या एकमेकींना लांब ठेवतात. अँटी-ए, अँटी-बी ही मुख्यतः आयजीएम प्रकारची, पाच तुकड्यांची मोठी प्रतिपिंडं, त्यामुळे ती हे अंतर सहज सांधतात. जुनं अँटी-डी आयजीजी प्रकारचं, म्हणजे लहान प्रतिपिंड होतं. ते पेशीला चिकटायचं, पण दुसऱ्या पेशीपर्यंत पोचायचं नाही. नळीत काहीच दिसायचं नाही. १९४५ साली कूम्ब्स, मोरंट आणि रेस यांनी त्यावर उपाय काढला. पेशी नीट धुवायच्या आणि मग मानवी प्रतिपिंडांनाच धरणारं दुसरं प्रतिपिंड टाकायचं, ते पूल बांधतं. कूम्ब्स टेस्ट म्हणतात ती हीच. आज मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत एकाच पेशीच्या वंशापासून बनवलेलं) आयजीएम अँटी-डी मिळतं, त्यामुळे सरळ नळीत उत्तर येतं. पण कूम्ब्सशिवाय रक्तपेढीचा एक दिवसही जात नाही.

मुसाफिर

माहिती उत्तम, पण एक सांगतो. टाइलवर केलेल्या तपासण्या लाखो लोकांच्या बरोबरच निघतात. मग दोन-दोन वेळा करण्यात वेळ आणि सामान घालवण्याची गरज आहे का? विरोध म्हणून नाही, खरंच विचारतोय.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मुसाफिर, बहुतेकांच्या बाबतीत टाइलचं उत्तर बरोबर येतं हे खरं आहे. दात्याची प्राथमिक चाचपणी करायला टाइल ठीकही आहे. पण रक्त चढवायचं असतं तेव्हा आमच्यापुढे एकच माणूस असतो आणि तो बहुतेकांतलाच आहे हे आधी कळायला मार्ग नसतो. टाइलवर थेंबाच्या कडा सुकल्या की दाणे दिसू लागतात, म्हणून दोन मिनिटांच्या आत वाचावं लागतं. कमकुवत प्रतिक्रिया तिथे निसटतात. आणि काही माणसं अशी असतात की ज्यांना फॉरवर्ड तपासणी कितीही काळजीपूर्वक केली तरी ओळखू शकत नाही.

सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याकडचंच आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना एक वेगळा रक्तगट सापडला, तो पुढे बॉम्बे गट म्हणून जगभर ओळखला गेला. रक्तपेढीवाले यांनी वर एच सांगितला ना? या लोकांच्या पेशींवर एचच नसतो. पाया नाही म्हणून ए आणि बी चढायलाही जागा नाही. अँटी-ए टाका, अँटी-बी टाका, काही होत नाही. टाइलवर बघणारा निःशंकपणे 'ओ' लिहील.

पण यांच्या प्लाझ्मात अँटी-ए आणि अँटी-बी यांच्या जोडीला अँटी-एच असतं, तेही जोरकस. आणि ओ पेशींवर तर सगळ्यात जास्त एच असतो. म्हणजे ज्याला आपण ओ समजलो त्याला ओ रक्त दिलं तर त्या पेशी शरीरात फुटतात, जीव जाऊ शकतो. हे आधी कळतं ते रिव्हर्समधल्या तिसऱ्या नळीत. ओ पेशी कुणाशीच भांडत नाहीत, मग ती नळी कशाला, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. ती या माणसासाठी असते. तिथे ४+ आलं की हात थांबतो. मग युलेक्स नावाच्या झुडपाच्या बियांपासून केलेलं अँटी-एच लावून बघतात. साध्या ओ पेशी त्यात घट्ट चिकटतात, बॉम्बे पेशी चिकटत नाहीत. अशा रुग्णाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. रिव्हर्सच्या तीन नळ्यांना लागणारा वेळ मला कधीच वाया गेलेला वाटला नाही.

दुसरं, ए गटात ए१ आणि ए२ असे पोटप्रकार आहेत. ए२ किंवा ए२बी असलेल्या काहींच्या प्लाझ्मात अँटी-ए१ असतं. पेशी म्हणतात ए, आणि प्लाझ्मा ए पेशींनाच चिकटतो. तिथे उपयोगी पडतो तो चक्क कुळीथ. त्याच्या बियांच्या अर्कातलं लेक्टिन नावाचं प्रथिन ए१ पेशींचे पुंजके करतं, ए२चे करत नाही. बर्ड या संशोधकांनी १९५१ साली हे दाखवलं आणि आजही तोच अर्क बाटलीत भरून येतो.

रक्तगट कधीच बदलत नाही का, यावर. जनुकं बदलत नाहीत, पण पेशींवर दिसणारा गट काही आजारांत फसवा होतो. ल्युकेमियात ए किंवा बी इतका क्षीण होऊ शकतो की माणूस ओ वाटतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किंवा संसर्गात काही जिवाणू ए साखरेचा एक तुकडा छाटतात, मग ती बीसारखी दिसते आणि ए गटाचा माणूस एबी भासतो. प्लाझ्मात मात्र अँटी-बी तसंच असतं, त्यामुळे चोरी पकडली जाते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर तर लाल पेशींचा गट खरोखरच दात्याचा होतो. नुकतंच दुसऱ्या गटाचं रक्त मिळालेलं असेल तर नळीत काही पेशी चिकटलेल्या आणि काही सुट्या, असं मिश्र चित्र दिसतं.

नवजात बाळांच्या बाबतीत उलटं आहे. त्यांची स्वतःची प्रतिपिंडं चार-सहा महिन्यांपर्यंत तयार झालेली नसतात, जी असतात ती आईकडून आलेली. म्हणून बाळाचा गट फक्त पेशींवरून काढतात आणि तो नंतर पुन्हा तपासायचा असतो. जन्मावेळच्या कागदावरचा गट मोठेपणी वेगळा निघाला तर घाबरून जाऊ नका, नीट तपासणी करून घ्या.

मुसाफिर

पटलं. तिसऱ्या नळीचं कारण वाचून अंगावर काटा आला.

पाऊलखुणा

माझी अडचण इथेच विचारते. मी रक्तदान करते तिथे माझा गट 'बी पॉझिटिव्ह' लिहिलाय. आता गरोदर आहे, तर तपासणीत 'बी निगेटिव्ह' आलं. पुन्हा करून घेतलं, पुन्हा निगेटिव्ह. घरचे म्हणतात कुणीतरी घोळ घातलाय. कुठला अहवाल खरा धरू?

सूक्ष्मदर्शी

पाऊलखुणा, प्रत्यक्ष अहवाल न बघता ठाम सांगणार नाही, पण दोन्ही अहवाल बरोबर असणं अगदी शक्य आहे. याला वीक डी म्हणतात. काहींच्या पेशींवर डी असतो, पण फार कमी. साध्या नळीत तो दिसत नाही, कूम्ब्सपर्यंत नेलं की दिसतो.

तुम्ही दाता असता तेव्हा प्रश्न असतो की तुमचं रक्त निगेटिव्ह रुग्णाला गेलं तर काय होईल. थोडा डीसुद्धा त्याच्या शरीरात अँटी-डी तयार करू शकतो. म्हणून दात्याची निगेटिव्ह आलेली नळी कूम्ब्सपर्यंत नेतात आणि डी सापडला की पिशवीवर पॉझिटिव्ह लिहितात. तुम्ही रुग्ण किंवा गरोदर असता तेव्हा प्रश्न उलटा होतो. वीक डीच्या काही प्रकारांत डीचा रेणू अपुरा असतो. अशांना पॉझिटिव्ह रक्त मिळालं तर राहिलेल्या भागाविरुद्ध त्यांचं शरीर प्रतिपिंडं करू शकतं. म्हणून तिथे निगेटिव्ह धरून चालणं सुरक्षित मानतात. सूत्र एकच, ज्याला धोका होऊ शकतो त्याच्या बाजूने निर्णय.

तुमच्या डॉक्टरांना रक्तदानाचं कार्ड नक्की दाखवा आणि 'वीक डी असेल का' असं स्पष्ट विचारा. डी घडवणाऱ्या आरएचडी जनुकाची तपासणी करता येते. वीक डीचा प्रकार १, २ किंवा ३ निघाला तर पॉझिटिव्हसारखंच वागवलं तरी चालतं, अँटी-डी इंजेक्शनची (आईचं शरीर स्वतः अँटी-डी बनवू नये म्हणून ते देतात) गरज राहत नाही. तसं सिद्ध होईपर्यंत मात्र स्वतःला निगेटिव्ह समजा. निगेटिव्ह आईला साधारणपणे २८व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत इंजेक्शन देतात. ते चुकवू नका.

पाऊलखुणा

खूप खूप धन्यवाद. उद्याच दोन्ही कागद घेऊन जाते. घरी उगाच त्या लॅबला नावं ठेवली जात होती.

यंत्रवेडा

हे सगळं अजूनही नळी डोळ्यांसमोर धरूनच चालतं? यंत्रं आली असतील ना?

रक्तपेढीवाला

आली आहेत. मोठ्या पेढ्यांत आता जेल कार्ड सर्रास चालतं. प्लास्टिकच्या कार्डात सहा बारीक नळ्या, त्यात जेल भरलेलं. वर पेशी आणि प्रतिपिंड टाकून कार्ड फिरवायचं. सुट्या पेशी जेलमधून गाळून तळाशी जातात, पुंजके वरच अडकतात. चिकटल्या पेशींची लाल रेघ वर, सुट्यांचा ठिपका खाली, आणि कमकुवत प्रतिक्रियेत पेशी मधल्या उंचीवर विखुरलेल्या. मनगटाच्या जोरावर काही अवलंबून राहत नाही, कार्डाचं छायाचित्र काढून ठेवता येतं, दुसरा माणूस नंतर तेच तपासू शकतो. यंत्र हे सगळं स्वतः करतं. फॉरवर्ड-रिव्हर्स जुळलं नाही की मात्र ते थांबून माणसाला हाक मारतं, आणि मग आम्ही नळ्याच काढतो.

आता अबोलीताईंचा दुसरा नमुना.

आतापर्यंत आपण जे बोललो ते नळीतल्या रक्ताबद्दल. ते रक्त ज्याचं नाव नळीवर आहे त्याचंच आहे का, हे कुठलंही अँटी-ए सांगू शकत नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचं रक्त तुमच्या वडिलांच्या नावाने आलं, तर माझ्या सहाही नळ्या सुरेख जुळतील, अहवाल निर्दोष निघेल आणि तो दुसऱ्याच माणसाचा असेल. चुकीच्या गटाचं रक्त चढतं तेव्हा बरेचदा कारण रसायनात सापडत नाही, नमुना घेताना, लेबल लावताना किंवा पिशवी लावताना झालेल्या अदलाबदलीत सापडतं. म्हणून दुसरा नमुना वेगळ्या वेळी आणि शक्यतो वेगळ्या माणसाने घ्यायचा. एकच चूक दोनदा, तीही सारखीच होणं अवघड असतं. दोन्ही नमुन्यांचा गट जुळला की तो पक्का.

कार्डाचंही तेच आहे. कार्ड लिहिणाऱ्याने टाइलवर बघितलं की नळीत, रिव्हर्स केलं की नाही, ते कार्डावर नसतं. नोंद जुनी असेल तर आम्ही ती ताज्या निकालाशी ताडून बघतो. फरक निघाला तर कार्डामुळेच तो लक्षात येतो, म्हणून बाईंनी जपून ठेवा म्हटलं असणार. आणि गट जुळला तरी क्रॉसमॅच होतोच. पिशवीतल्या पेशी आणि वडिलांचा प्लाझ्मा प्रत्यक्ष एकत्र करून बघतात, कारण ए, बी आणि डी सोडूनही लाल पेशींवर केल, डफी, किड असे कितीतरी गट आहेत.

अबोली

आता त्या बाईंचे आभार मानायला हवेत! शेवटचा प्रश्न. वडिलांना खोकला झाल्यामुळे शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे गेली आहे. घेतलेले नमुने चालतील ना?

रक्तपेढीवाला

गटाची नोंद राहील, पण क्रॉसमॅचसाठी बहुधा ताजा नमुना मागतील. गेल्या तीन महिन्यांत रक्त मिळालेलं असेल तर नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही, कारण तेवढ्यात नवीन प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. अनेक ठिकाणी सरसकट सगळ्यांना हाच नियम लावतात. त्यामुळे वडिलांना पूर्वी कधी रक्त दिलं असेल, तर केव्हा दिलं ते आठवून सांगा.

आणि नमुना घ्यायला येतील तेव्हा एवढं करा. नाव आणि जन्मतारीख वडिलांना स्वतःला सांगू द्या, त्यांच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. नळीवरचं लेबल तिथेच, खाटेपाशी लावलं जातंय ना ते बघा, आणि ते मनगटावरच्या पट्टीशी जुळवून घ्यायला सांगा. कुणी रागावणार नाही.